कोपरखळी, शास्ती आणि हेलपाटे

‘नज’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावर मी बऱ्यापैकी डोकं खाजवलंय. ‘ढोसणे’ चालला असता, पण आजकाल ढोसणे म्हटलं की बाटलीच डोळ्यांपुढे येते. ‘टोचणी’ आतून लागते. ‘धक्का’ जरा जास्तच होतो. शेवटी उरते कोपरखळी. पण कोपरखळी कोण कुणाला मारतं? बाकावर शेजारी बसलेली मैत्रीण मारते, मेहुणा मारतो, लग्नाच्या पंगतीत आत्या मारते. तिच्यात ओळख गृहीत असते, थोडी मस्करी असते आणि मुख्य म्हणजे जिला मारली तिला ती कळते. कळली नाही तर वाया गेली. शिवाय उलट एक ठेवून द्यायचा हक्कही तिला असतो.

रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांच्या ‘नज’मधली कोपरखळी अशी नाही. त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक हत्तीण आपल्या पिल्लाला सोंडेने हलकेच पुढे सारते आहे. चित्र गोड आहे. पण त्या चित्रात सरकार कोण आणि आपण कोण, हे सांगायला नको.

पुस्तक आलं २००८ साली. थेलर अर्थशास्त्रज्ञ, त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सन्स्टीन कायद्याचे प्राध्यापक. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये सरकारी नियमांची छाननी करणाऱ्या कार्यालयाचे ते प्रमुख होते. २०२१ मध्ये दोघांनी पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली आणि तिला ‘अखेरची आवृत्ती’ असं नाव देऊन टाकलं, म्हणजे पुन्हा हात घालायचा मोह झाला तरी घालता येणार नाही. स्वतःला घातलेला हा अडसर पुस्तकाच्या विषयाला धरूनच आहे. मी हीच आवृत्ती वाचली, मोबाइलवर, नवी सांगवी ते ऑफिस या रोजच्या बस प्रवासात. हे मुद्दाम सांगते आहे, कारण माझं या पुस्तकाशी जे काही भांडण आहे त्यातलं निम्मं खिडकीबाहेर जे दिसत होतं त्याच्यामुळे झालं.

आधी पुस्तकाच्या बाजूने. ते वाचायला मजा येते, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकाबद्दल असं म्हणायची संधी फार वेळा येत नाही. थेलर विद्यार्थी असताना त्यांच्याकडे मित्र जेवायला आले होते. जेवणाआधी मध्ये काजूची वाटी ठेवलेली. सगळे बकाबका खात सुटले, जेवणाची वाट लागणार हे दिसत होतं. थेलरनी वाटी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मित्रांनी चक्क आभार मानले. आता रूढ अर्थशास्त्राप्रमाणे हे अशक्य आहे, कारण समोर काजू असताना खायचे की नाही हे ठरवण्याचं स्वातंत्र्य होतंच. पर्याय कमी झाला म्हणून कुणी खूश कसा होईल? पण आपण सगळे होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अभ्यासाला बसणारा प्रत्येक जण या काजूच्या गोष्टीत आहे.

इथून लेखकद्वयाचा मुद्दा उभा राहतो. माणूस हिशेबी यंत्र नाही. तो आळशी आहे, विसराळू आहे, आजचं गोड उद्याच्या कडूपेक्षा मोठं मानतो, समोर जे आधीच ठरवून ठेवलेलं असेल ते तसंच राहू देतो. मग पर्याय कसे मांडले आहेत याने फरक पडणारच. शाळेच्या कँटीनमध्ये फळं डोळ्यांसमोर ठेवली तर मुलं फळं जास्त उचलतात. आणि कँटीन कसंतरी मांडावं लागणारच असेल, तर मुलांच्या भल्याचं मांडा. यालाच ते निवडीचं नेपथ्य म्हणतात (नेपथ्य हा शब्द माझा, त्यांनी वास्तुरचनेचा शब्द वापरलाय). कुठलाही पर्याय बंद करायचा नाही, पैशाचं मोठं आमिष किंवा दंड लावायचा नाही, फक्त मांडणी बदलायची. याबाहेरचं काही केलं तर ती नज नव्हे, ही त्यांचीच व्याख्या. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतातलं सगळ्यांत चांगलं उदाहरण मुंबईचं आहे. रूळ ओलांडताना माणसं मरतात, दरवर्षी मरतात, आणि ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ हे ऐकून कुणी थांबत नाही. २००९-१०च्या सुमारास ‘फायनल माइल’ या मुंबईच्या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर वडाळ्याजवळ एक प्रयोग केला. त्यांनी आधी प्रश्न नीट विचारला: माणूस गाडी दिसत असूनही का मरतो? उत्तर असं की मोठी वस्तू समोरून येताना असते त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. म्हणून त्यांनी रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. पिवळे पट्टे एकामागून एक झाकले जाताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. एक लांबलचक शिट्टी वाजवण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या, कारण मधल्या शांततेमुळे कान जागा होतो. आणि सूचनेच्या फलकाऐवजी गाडी अंगावर येतानाचा एका माणसाचा चेहरा, तीन फोटोंत. तिथले मृत्यू कमी झाले. यात कुणाला फसवलं नाही, कुणाला हिणवलं नाही, आणि खर्च रंगाच्या डब्याचा. पुस्तकाच्या बाजूने मला एकच पुरावा द्यायला सांगितला तर मी हा देईन.

पण वडाळ्याला यश का आलं, ते बघा. तिथे चूक खरोखर डोळ्यांची होती. माणसाला मरायचं नव्हतं, त्याचा अंदाज चुकत होता. अंदाज सुधारला, माणूस वाचला. (त्याला रूळ का ओलांडावे लागतात, पूल किती लांब आहे, हा प्रश्न तरीही तिथेच उभा आहे.) आता जिथे अंदाज चुकत नाही तिथे काय?

तिथे सांगवी येते.

ब्रिटनमध्ये २०१० साली सरकारने या कामासाठी एक स्वतंत्र पथकच नेमलं. त्यांचा गाजलेला प्रयोग कराच्या पत्रांचा. ज्यांनी कर वेळेवर भरला नव्हता त्यांना पाठवायच्या पत्रात एक वाक्य घातलं: दहातले नऊ लोक कर वेळेवर भरतात, तुम्ही न भरलेल्या अगदी थोड्या लोकांपैकी आहात. ते वाक्य असलेल्या पत्रांनंतर जास्त लोकांनी कर भरला. एका वाक्याने तिजोरीत भर. जगभरच्या करवसुली खात्यांना या वाक्याची भुरळ पडली.

हेच वाक्य पिंपरी-चिंचवडच्या मिळकतकराच्या बिलावर छापलं तर? आमच्या भागातली घरं तुम्ही पाहिली नसतील तर सांगते. गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर तीन-चार मजले, खाली किराणा किंवा सलून, वर भाडेकरू, आणि दोन इमारतींच्या मधून हात घातला तर तो अडकावा इतकं अंतर. हे सगळं कागदावर ‘अनधिकृत’. ते अनधिकृत का झालं, याची गोष्ट मोठी आहे. कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून माणसं आली. त्यांच्या घरांची सोय व्हावी म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. माणसं आली त्या मानाने घरं झाली नाहीत. लोकांनी शेतकऱ्यांकडून गुंठा-गुंठा घेतला आणि आपलं आपण बांधलं. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं, घरं उभी आहेत.

या घरांवर शास्तीकर लागला. शब्द बघा: शास्ती म्हणजे शिक्षा. शिक्षा हाच कर, दरवर्षी येणारा. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अवैध बांधकामांना मूळ मिळकतकराच्या दुप्पट शास्ती. म्हणजे एखाद्याचा मूळ कर चार हजार असेल तर शास्ती आठ हजार, एकूण बारा. दहा वर्षांचे झाले एक लाख वीस हजार, वर थकबाकीवर महिन्याला दोन टक्के. ज्या माणसाने आयुष्यभराची पुंजी त्या गुंठ्यात घातली, त्याला हे भरणं जमणारं नव्हतं. अनेकांनी मग शास्तीबरोबर मूळ करही थांबवला. दर निवडणुकीत शास्ती माफ करायचं आश्वासन मिळायचं. आधी लहान घरांना सूट मिळाली आणि मार्च २०२३ मध्ये ती सगळ्यांना माफ झाली. अट एकच, मूळ कर भरा.

आता पुस्तकाच्या भाषेत या माणसाला काय म्हणतात? वर्तमानाकडे झुकलेला. नुकसानीला अवाजवी घाबरणारा. उद्याचं उद्यावर ढकलणारा. पण याने तर गणित बरोबर केलं होतं! पंधरा वर्षं तो थांबला आणि थांबण्याचं फळ त्याला मिळालं. चुकला तो त्याचा शेजारी, ज्याने पोटाला चिमटा काढून दरवर्षी शास्तीसकट बिल भरलं. आमच्या गल्लीत दोन्ही प्रकारची माणसं आहेत. त्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या एका काकांना चौकात अजूनही लोक, हो, कोपरखळ्या मारतात.

मला पुस्तकाची पहिली मोठी उणीव इथे दिसते. लेखकांना माणसाच्या मेंदूतली गफलत पटकन दिसते, पण त्या माणसाला आपल्या गावाविषयी असलेली माहिती दिसत नाही. ‘दहातले नऊ भरतात’ हे वाक्य जिथे खरं आहे तिथेच चालतं. जिथे खरं नाही तिथे दोनच वाटा उरतात: खोटं छापा, किंवा खरं छापून घात करून घ्या. या घाताचं उदाहरण पुस्तकातच आहे. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे चोरतात, म्हणून तिथे फलक लावला की आजवर अनेकांनी ते नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी तपासून दाखवलं की अशा फलकाने चोरी वाढते. सगळेच नेतायत म्हटल्यावर मी एकटा का मागे राहू?

हे वाचल्यापासून थकबाकीदारांच्या जाहीर याद्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. कुठल्याही महापालिकेची असो, यादी छापण्यामागे हेतू लाज वाटावी हा. पण वाचणारा त्यातून काय घेतो? एवढ्या मोठ्या लोकांनी, एवढे मोठे आकडे, एवढी वर्षं थकवले आणि तरी त्यांचं काही बिघडलेलं नाही. त्या मानाने आमच्या महापालिकेने २०२३ मध्ये केलेली एक गोष्ट मला जास्त शहाणपणाची वाटते. मिळकतकराची बिलं घरोघर पोचवायचं काम महिला बचत गटांना दिलं. उपक्रमाचं नाव ‘सिद्धी’. दारात ओळखीचा चेहरा येतो, बिल हातात पडतं, दोन शब्द बोलले जातात, आणि त्या बाईला कामाचे पैसे मिळतात. यात मेंदूला चकवणारं काही नाही. बिल मिळालंच नाही, ही सबब तेवढी संपते. त्या काळात वसुली वाढली खरी, पण त्यात शास्तीमाफीचा वाटा किती, जप्तीच्या मोहिमेचा किती आणि दारात आलेल्या बाईचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. नजचे भक्त अशा ठिकाणी सगळं श्रेय नजला देऊन मोकळे होतात.

या भक्तीचा आपल्याकडचा सर्वांत वाचनीय ग्रंथ म्हणजे केंद्र सरकारचा २०१८-१९चा आर्थिक पाहणी अहवाल. ४ जुलै २०१९ ला तो संसदेत मांडला गेला. तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार कृष्णमूर्ती सुब्रमणियन. त्यातलं दुसरं प्रकरण पूर्णपणे नजवर आहे. शीर्षकाचा आशय असा की धोरण हिशेबी माणसासाठी नको, खऱ्या माणसासाठी हवं. मला सरकारी कागद वाचायचा शौक आहे. त्यांच्यात जे अनवधानाने उघड होतं ते कादंबऱ्यांत होत नाही. या प्रकरणात स्वच्छ भारत अभियान हे नजचं यश म्हणून मांडलंय. गांधीजयंतीला सुरुवात, चष्म्याचं बोधचिन्ह, गावातलेच स्वच्छाग्रही. सगळं ठीक. पण शौचालय बांधायला कुटुंबाला बारा हजार रुपये मिळत होते. ते आमिष झालं. आणि पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी गुडमॉर्निंग पथकं? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातल्या चाळिशीपुढच्या बाईला विचारा. अंधारात डबा घेऊन निघालेल्या माणसावर बॅटरी मारणं, गुलाब देणं, दंड करणं, पोलिसांचा धाक घालणं, यांपैकी काही थेलर-सन्स्टीन यांच्या व्याख्येत बसत नाही. ‘नज’ हे लेबल मग कशावरही चिकटवायचं झालं, अगदी सक्तीवरसुद्धा, कारण ते ऐकायला सौम्य आहे.

पुढे कराचा भाग येतो आणि तिथे अहवालाची भाषाच बदलते. कर्ज बुडवणं हे हिंदू धर्मात पाप आहे, कर्ज न फेडता मेलेल्याच्या आत्म्याला भोगावं लागतं, इस्लाममध्ये कर्ज फिटल्याशिवाय स्वर्ग नाही, बायबल काय सांगतं, असं सगळं त्यात आहे. आणि कर चुकवणं म्हणजे असंच ऋण बुडवणं, हा त्यामागचा युक्तिवाद. लगेच त्यापुढे सूचना अशी की जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त कर भरणाऱ्या दहा जणांचा सन्मान करावा: विमानात आधी चढू द्यावं, रस्त्यावर खास मार्गिका द्यावी, दशकभरात सर्वाधिक कर भरणाऱ्यांची नावं रस्त्यांना, गाड्यांना, शाळांना द्यावीत. म्हणजे ज्याच्याकडे आत्म्याशिवाय काही नाही त्याला परलोकाची भीती आणि ज्याच्याकडे सगळं आहे त्याला विमानतळावर वेगळी रांग. अहवालाने असं म्हटलेलं नाही, पण शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन उताऱ्यांतून मला एवढंच वाचता आलं. रांगेत पुढे जाण्याला सन्मान मानणारा समाज कर का चुकवतो, याचं उत्तर त्याच पानावर पडलेलं होतं, लिहिणाऱ्याने ते उचललं नाही.

त्याच प्रकरणात गॅस सबसिडी सोडण्याच्या ‘गिव्ह इट अप’ मोहिमेचाही विचार केलाय. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आवाहन केलं आणि एक कोटीच्या वर ग्राहकांनी सबसिडी सोडली. आमच्या आईनेही सोडली. तिला अजून अभिमान आहे की आपल्या सहीने कुणाच्या तरी घरातला धूर बंद झाला. २०२०च्या मध्यापासून बहुतेकांच्याच खात्यात सबसिडी येईनाशी झाली, तेव्हा तिला विचारलं, आता काय वाटतं? म्हणाली, “मी दिली ती दिली. त्यांची गेली.” माझ्या मते आई इथे अहवालापेक्षा नेमकं बोलली. ‘गिव्ह इट अप’ ही नज नव्हतीच. ते आवाहन होतं, उघड केलेलं, नकार द्यायला पूर्ण मोकळीक असलेलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडा म्हटलं होतं, त्या जातीचं. याउलट दरवर्षी मे-जूनच्या सुमारास तुमच्या खात्यातून अपघात विम्याचे वीस रुपये आपोआप कापले जातात तो मेसेज आठवा. विमा चांगलाच आहे, रक्कम क्षुल्लक आहे. पण किती जणांना आपण कधी ‘हो’ म्हटलं ते आठवतं? एकीकडे माणसाला विचारलं, दुसरीकडे त्याच्या विसराळूपणावर विसंबून राहिले. पुस्तक दोन्हींना एकाच टोपलीत टाकायला तयार आहे. मी नाही.

निष्पक्ष राहायचं तर सांगायला हवं की लेखकांना हा आक्षेप माहीत आहे. त्यांनी दोन कसोट्या दिल्यात. एक, नज ज्याला दिली त्याच्या स्वतःच्या मते त्याचं भलं व्हायला हवं. दोन, जी गोष्ट सरकार लोकांसमोर उघडपणे समर्थनीय म्हणू शकत नाही ती करू नये. ही त्यांनी जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाकडून घेतली. दोन्ही कसोट्या उत्तम आहेत. प्रश्न एवढाच की परीक्षा घेणार कोण? त्याच्या स्वतःच्या मते काय, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचंच असेल तर मग नजची गरज उरते का?

महाराष्ट्राला या बाबतीत पुस्तकापेक्षा जुना अनुभव आहे. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात यायचे ते खराटा घेऊन. आधी गाव झाडायचं. काही बोलायचं नाही. लोक बघत, ओशाळत, हळूहळू हातात झाडू घेत. इथपर्यंत थेलर खूश होतील. सामाजिक दबाव, डोळ्यांसमोरचं उदाहरण, सगळं पुस्तकात आहे. पण बाबांचं अर्धं काम रात्री सुरू व्हायचं, कीर्तनात. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण का करतो, बोकड का कापतो, पोराला शाळेत का घालत नाही. माणूस स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, उत्तरापर्यंत पोचायचा. नज माणूस विचार करत नसताना काम करते. कीर्तन त्याला मोठ्याने विचार करायला लावतं. आणि कीर्तनावर न थांबता बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. वारकऱ्याने उघड्यावर झोपू नये असं नुसतं सुचवून भागत नाही, छप्पर लागतं, हे त्यांना माहीत होतं. राज्याने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना. त्या अभियानाने गावं बदललीही. पण त्याच काळात मुरलेल्या शिट्टीने बाबांचा प्रश्न विचारण्याचा भाग गिळला, असं मला वाटतं.

नज खरंच किती काम करते, याचाही हिशेब आता झालाय. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन सरकारी नज-पथकांचे १२६ प्रयोग तपासले. शोधनिबंधांमधून दिसणारा परिणाम सरासरी ८.७ टक्के बिंदूंचा. पथकांच्या प्रत्यक्ष कामातला १.४. अगदीच शून्य नाही, पण क्रांतीही नाही. आणि फॉर्मच्या सुरुवातीला सही घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, हा २०१२चा गाजलेला शोध आठवतोय? त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं २०२१ मध्ये उघड झालं आणि निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातच ही गत. आकडे बनावट कुणी केले ते कुणी कबूल केलेलं नाही.

याहून बोचरी टीका आतल्याच माणसांनी केलीय. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन हे दोघे या क्षेत्रातले जुने जाणते. त्यांनी लिहिलं की माणसाला सुधारायच्या नादात आम्ही व्यवस्था बदलायची विसरलो, आणि ज्यांना व्यवस्था बदलायला नको होती त्यांच्या ते पथ्यावर पडलं. ‘तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा’ ही कल्पना लोकांच्या गळी उतरवली ती बीपी या तेल कंपनीने, हे त्यांचं आवडतं उदाहरण.

मला बीपीपर्यंत जावं लागत नाही. सांगवी-दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. पुलावर जाळी आहे, निर्माल्य टाकू नका असा फलक आहे, निर्माल्य कलश आहे. कलश ही चांगली नज आहे. फुलं टाकायची जागा हाताशी असली की बहुतेक लोक नदीत टाकत नाहीत, मीही कलशातच टाकते. आणि तरी उन्हाळ्याच्या तोंडावर नदीवर जलपर्णीची हिरवी गादी पसरते, मग डास. जलपर्णी झेंडूच्या फुलांवर वाढत नाही. ती मैलापाण्यावर वाढते. तिकडे आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, तोही हारांमुळे नव्हे. पुलावरून जाणाऱ्या बाईच्या हातातली पिशवी सगळ्यांना दिसते. पाण्याखालून नदीत सुटणारा पाइप दिसत नाही. नेपथ्याची एवढी चर्चा करणाऱ्या पुस्तकाने, रंगमंचावर कुणावर प्रकाश टाकलाय आणि कोण विंगेत उभा आहे, याची चर्चा थोडी जास्त करायला हवी होती.

हे सगळं म्हणूनही पुस्तक वाचा असंच मी सांगेन. पण क्रम बदला. नव्या आवृत्तीत ‘स्लज’वर एक प्रकरण आहे, तिथून सुरुवात करा. स्लज म्हणजे गाळ: हक्काचं मिळवताना मुद्दाम किंवा बेफिकिरीने घातलेला चिखल. वर्गणी एका क्लिकवर सुरू होते आणि बंद करायला कार्यालयीन वेळेत फोन करावा लागतो, तसलं. इथे लेखक पहिल्यांदा माणसाचा मेंदू सोडून टेबलापलीकडच्या माणसाकडे बघतात आणि लिखाणाला एकदम धार येते. इंग्रजीला या गोष्टीसाठी नवा शब्द घडवावा लागला. मराठीत तो आधीपासून आहे, आणि ‘नज’सारखा त्यासाठी शब्दकोशही उघडावा लागत नाही. हेलपाटे.

माझी एक मैत्रीण चाकणला कंत्राटावर काम करते. काम तेच, गेट तेच, पण कंत्राटदार बदलत गेले आणि प्रत्येकाने तिचा पीएफ नव्याने सुरू केला. पीएफ आपोआप कापला जातो, म्हणजे पुस्तकातली आदर्श बचत. कायद्याने सक्तीची असल्यामुळे नजच्याही पुढची. पण आज तिच्याकडे तीन वेगवेगळे क्रमांक आहेत, एकात नाव आधारप्रमाणे आहे, एकात लग्नाआधीचं आहे आणि एकात आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. पैसे काढायला नाव जुळायला हवं, नाव दुरुस्त करायला आधीच्या कंत्राटदाराची मंजुरी हवी, आणि तो कंत्राटदार फोन उचलत नाही. तिला बचतीचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. उद्याचा विचार ती करतेच आहे, दर रविवारी, सायबर कॅफेच्या बाकावर बसून. मागच्या आठवड्यात मी तिला काजूची गोष्ट सांगितली. ती हसली आणि तिने विचारलं, वाटी स्वयंपाकघरात नेली ते ठीक, पण मग जेवण वाढलं ना?